राजवायू संयुगं का करत नाहीत? ‘अष्टक पूर्ण’ हे उत्तर पुरतं का?

अकरावी_विज्ञान

नमस्कार. एक शंका खूप दिवसांपासून डोक्यात घोळतेय. शाळेत असताना ‘राजवायूंचं अष्टक पूर्ण असतं (म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन), म्हणून ते कोणाशीही अभिक्रिया करत नाहीत’ हे वाक्य पाठ केलं होतं, आणि परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळायचे. सुट्टीत पुढच्या वर्षाचं पुस्तक चाळत होतो, तर गट १८ च्या धड्यात झेनॉनची संयुगंच्या संयुगं! झेनॉन डायफ्लोराइड, टेट्राफ्लोराइड, हेक्झाफ्लोराइड, ट्रायऑक्साइड. टेट्राफ्लोराइडमध्ये झेनॉनभोवतीचे इलेक्ट्रॉन मोजले तर बारा भरले. म्हणजे अष्टक नुसतं मोडलंच नाही, तर ओलांडून पुढे गेलं.

मग अष्टक पूर्ण असणं हे कारण खरं धरायचं की नाही? खरं असेल तर झेनॉन असं कसं वागतो? खोटं असेल तर निऑन आणि आरगॉन गप्प का बसतात? क्लासमध्ये विचारलं तेव्हा ‘अपवाद म्हणून लक्षात ठेव’ असं उत्तर मिळालं. पण एकाच मूलद्रव्याची इतकी संयुगं असतील तर त्याला अपवाद कसं म्हणायचं? कोणी नीट समजावून सांगेल का? आकडे आले तरी चालतील.

रसायन_ताई

आकडे चालतील म्हणालास ते फार बरं केलंस. हा प्रश्न आकड्यांशिवाय सुटतच नाही. मी बारावीला हा धडा शिकवते आणि दर वर्षी त्याची सुरुवात याच शंकेने करते.

‘अष्टक पूर्ण’ हे वर्णन झालं. कारण त्याच्या खाली दडलंय. पटत नसेल तर तिघांना शेजारी ठेवून बघ: क्लोराइड आयन, आरगॉनचा अणू आणि पोटॅशियम आयन. तिघांकडेही बरोबर अठरा इलेक्ट्रॉन. मांडणी तीच, दोन-आठ-आठ. अष्टक तिघांचंही पूर्ण. आता प्रत्येकाकडून एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा झाला तर किती ऊर्जा लागेल? दर मोलला क्लोराइडसाठी ३४९ किलोज्यूल, आरगॉनसाठी १५२१ आणि पोटॅशियम आयनासाठी ३०५२. (पुढचे सगळे आकडेही दर मोलचेच आहेत, पुन्हा पुन्हा लिहीत नाही.) अष्टक एकच, तरी किंमत जवळजवळ नऊपट बदलली. स्थैर्य जर त्या आठ आकड्यात असतं तर हे तीन आकडे सारखे यायला हवे होते. तिघांत वेगळं काय आहे? केंद्रक. क्लोरिनमध्ये १७ प्रोटॉन, आरगॉनमध्ये १८, पोटॅशियममध्ये १९. इलेक्ट्रॉन तेवढेच, पण त्यांना धरून ठेवणारी पकड वेगळी.

आता आवर्तसारणीतली तिसरी ओळ डावीकडून उजवीकडे चालत जा. सोडियमपासून आरगॉनपर्यंत केंद्रकातला धनप्रभार ११ वरून १८ वर जातो, पण नवे इलेक्ट्रॉन सगळे त्याच तिसऱ्या कवचात येऊन बसतात. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकापासून फारसं झाकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पावलाला पकड घट्ट होत जाते, अणू आक्रसत जातो, आणि ओळीच्या शेवटी आरगॉनपाशी ती पकड सगळ्यात जास्त असते. इलेक्ट्रॉन द्यायचा म्हटलं तर महाग.

मग घ्यायचा? तिथे अडचण वेगळी. तिसऱ्या कवचातल्या एस आणि पी कक्षिका भरलेल्या. नवा इलेक्ट्रॉन आला तर त्याला चौथ्या कवचात, लांब जाऊन बसावं लागेल, आणि तिथून पाहिलं तर आतले अठरा इलेक्ट्रॉन केंद्रकाचा जवळजवळ सगळा प्रभार झाकून टाकतात. त्या इलेक्ट्रॉनला धरून ठेवायला काही उरतच नाही. म्हणून आरगॉनचा साधा ऋण आयन टिकत नाही.

राहिली भागीदारी, म्हणजे सहसंयुज बंध. त्याला नेहमीच्या पद्धतीने जोडी नसलेला इलेक्ट्रॉन हवा. आरगॉनकडे सगळे जोडीत. जोडी फोडून एकाला वरच्या कवचात चढवायचं तर सुमारे १११० किलोज्यूल मोजावे लागतात, निऑनला सुमारे १६००. एवढा खर्च करून पुढे जो बंध तयार होईल त्यातून तेवढी ऊर्जा परत मिळायला हवी. मिळत नाही.

बस, राजवायूंचं सगळं रसायनशास्त्र या हिशेबात आहे. कुठलाही अणू अष्टकासाठी धडपडत नाही. संयुग बनताना खर्च किती आणि परतावा किती, एवढंच निसर्ग बघतो.

एकदा कागदावर करून बघ, मग कायमचं लक्षात राहील. मिठाचा हिशेब तुला येत असेल. घन सोडियमचे अणू सुटे करायला १०७, त्यांच्यातून इलेक्ट्रॉन काढायला ४९६, क्लोरिनचा अर्धा रेणू फोडायला १२१. एकूण खर्च ७२४. परतावा: क्लोरिनने इलेक्ट्रॉन घेतला त्याचे ३४९ आणि आयनांची जाळी रचली त्याचे ७८७, मिळून ११३६. शिल्लक ४१२. म्हणून मीठ बनतं आणि बनल्यावर टिकतं.

आता सोडियमच्या जागी आरगॉन ठेव. तो आधीच सुट्या अणूंचा वायू, म्हणून पहिला खर्च शून्य. पुढे १५२१ आणि १२१ मिळून १६४२. परतावा? जाळी सोडियम क्लोराइडइतकी भक्कम झाली असं उदारपणे धरलं (खरं तर आरगॉनचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा मोठा, म्हणजे जाळी त्याहून कमकुवतच असेल), तरीही ११३६ च. ५०६ किलोज्यूलची तूट. तापमान वाढवा, दाब द्या, उत्प्रेरक घाला, ही तूट भरून निघत नाही. आरगॉन क्लोराइडची बाटली कुठल्याच प्रयोगशाळेच्या कपाटात नसते, त्याचं कारण हे ५०६.

झेनॉनचं वेगळं लिहिते, ते थोडं लांबेल.

टिग_हात

मी रसायनशास्त्रवाला नाही, वेल्डिंगवाला आहे. स्टेनलेस आणि टायटॅनियमचं टिग करतो. ताईंचं वाचून राहवलं नाही, कारण आरगॉन आम्हाला दिवसभर लागतो.

टायटॅनियमचा जॉब असला की आरगॉन किती निष्क्रिय आहे ते डोळ्यांनी दिसतं. तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजन तर खातंच, नायट्रोजनही खातं. म्हणून नुसत्या टॉर्चमधल्या गॅसवर भागत नाही. टॉर्च पुढे गेली तरी मागचा तापलेला भाग झाकायला वेगळं ट्रेलिंग शील्ड लावतो, पाइप असेल तर आतूनही आरगॉन सोडतो. झाकण नीट बसलं तर वेल्ड चांदीसारखा चकचकीत येतो. जरा हवा शिरली की गवती पिवळा, अजून शिरली की निळा-जांभळा, आणि पांढरी-करडी भुकटी दिसली तर तो जॉब कापून टाकायचा, तिथे धातू ठिसूळ झालेला असतो. आर्कच्या खाली हजारो अंश तापमान असतं, आरगॉन तिथे पेटून निळसर उजळतो, आणि तरीही धातूवर त्याचा काही अंश मागे राहत नाही. थंड झाला की होता तसा आरगॉन.

माझा एक प्रश्न आहे. आर्कमध्ये आरगॉनचे इलेक्ट्रॉन निघतातच ना? त्याशिवाय वीज वाहणार कशी? मग तेवढ्यात तो टायटॅनियमला का चिकटत नाही? आणि हेलियम वापरला की आर्क पेटवायला त्रास होतो पण उष्णता जास्त मिळते, त्याचा या आयननाशी संबंध आहे का?

रसायन_ताई

दादा, तुमच्या कामातलं हे निरीक्षण मी आता वर्गात सांगणार.

आर्कमध्ये इलेक्ट्रॉन निघतात, बरोबर. तो १५२१ चा खर्च तुमचं मशीन विजेतून भरतं. पण आरगॉनचा आयन धातूपाशी पोचला की धातूतला एखादा सैल इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि पुन्हा साधा आरगॉन होतो. धातूंकडे इलेक्ट्रॉन भरपूर आणि सैल, त्यामुळे आरगॉनला आयन म्हणून तिथे राहायला काही कारणच उरत नाही. टायटॅनियमशी बंध करण्यापेक्षा इलेक्ट्रॉन परत मिळवण्यात कितीतरी जास्त ऊर्जा सुटते.

हेलियमबद्दलही तुमचा अंदाज बरोबर आहे. त्याची आयनन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) २३७२, सगळ्या मूलद्रव्यांत सर्वात जास्त. त्यामुळे आर्क पेटायला कठीण आणि पेटल्यावर व्होल्टेज जास्त लागतो. त्याच करंटला व्होल्टेज वाढला की उष्णता वाढलीच. हेलियम उष्णता लवकर वाहून नेतो हेही त्यात आहे. तुमच्या मशीनवर दिसणारा व्होल्टेज आणि या मुलाच्या पुस्तकातला आयनन ऊर्जेचा तक्ता एकाच गोष्टीबद्दल बोलतायत.

आता झेनॉन.

आयनन ऊर्जा वरून खाली अशा जातात: हेलियम २३७२, निऑन २०८१, आरगॉन १५२१, क्रिप्टॉन १३५१, झेनॉन ११७०, रेडॉन १०३७. खाली जाताना बाहेरचं कवच केंद्रकापासून लांब जातं, मध्ये झाकणारी कवचं वाढतात, पकड सैल होते. हे सगळ्यांना पाठ असतं. पण या रांगेशेजारी दुसरी रांग कोणी लिहून दाखवत नाही, ती मी फळ्यावर मुद्दाम लिहिते: फ्लोरिन १६८१, ऑक्सिजन १३१४, हायड्रोजन १३१२, क्लोरिन १२५१. सुट्या अणूंचे आकडे आहेत हे. झेनॉनचा ११७० या चौघांपेक्षाही कमी! ज्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनवर सगळं रसायनशास्त्र उभं आहे, त्यांच्यापेक्षा झेनॉनने आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल धरलाय. हे बघितल्यावर झेनॉनची संयुगं असणं विचित्र वाटत नाही. इतकी वर्षं ती सापडली नाहीत हेच विचित्र वाटतं.

आणि प्रयत्न झाले नव्हते असं नाही. रॅली आणि रॅम्झी यांनी १८९४ साली आरगॉन शोधला, तेव्हा रॅम्झीने थोडा आरगॉन पॅरिसला मॉइसाँकडे पाठवला. फ्लोरिन पहिल्यांदा वेगळा करणारा तोच माणूस. त्याने आरगॉन आणि फ्लोरिन एकत्र करून विजेच्या ठिणग्या टाकून पाहिल्या. काही झालं नाही. रॅम्झीने १८९८ साली ट्रॅव्हर्सबरोबर क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन शोधले. पुढे १९३३ मध्ये लायनस पॉलिंगने कागदावर सांगितलं की झेनॉन आणि क्रिप्टॉनचे फ्लोराइड असायला हवेत. त्याच्याच संस्थेत योस्ट आणि के यांनी झेनॉन-फ्लोरिन मिश्रणावर विद्युत विसर्ग करून बघितला, आणि हाती काही आलं नाही. या ठिकाणी मला दर वेळी हळहळ वाटते. कारण आज आपल्याला माहीत आहे की झेनॉन आणि फ्लोरिन कोरड्या काचेच्या भांड्यात भरून नुसते उन्हात ठेवले तरी झेनॉन डायफ्लोराइडचे स्फटिक मिळतात. इतक्या जवळ येऊन दार बंद राहिलं ते पुढची एकोणतीस वर्षं. तोवर ‘निष्क्रिय’ हा शब्द पुस्तकांत इतका पक्का झाला होता की पुन्हा हात घालावा असं फारसं कोणाला वाटलं नाही.

दार उघडलं ते नील बार्टलेटने, १९६२ च्या मार्चमध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. तो झेनॉनच्या मागे नव्हताच. प्लॅटिनम आणि फ्लोरिनवर काम करताना त्याला एक लाल घनपदार्थ मिळाला होता. तपासल्यावर कळलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडने चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतलाय. ऑक्सिजन, जो एरवी सगळ्यांकडून इलेक्ट्रॉन घेतो! मग त्याने आयनन ऊर्जेचे आकडे बघितले. ऑक्सिजनच्या रेणूची ११७५. झेनॉनची ११७०. जे ऑक्सिजनच्या बाबतीत झालं ते झेनॉनच्या बाबतीत का होऊ नये?

उपकरण साधंच होतं. एका बाजूला प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची गडद लाल वाफ, दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन, मध्ये काचेचा पातळ पडदा. पडदा फोडला आणि त्या क्षणी पिवळा-नारिंगी घनपदार्थ खाली बसायला लागला. गरम करणं नाही, ठिणगी नाही, खोलीच्या तापमानाला. संध्याकाळची वेळ होती, सांगायला धावला तर सगळे जेवायला गेलेले. (तो पदार्थ नेमका काय होता हे प्रकरण पुढे बरंच गुंतागुंतीचं निघालं, एका सूत्रात बसणारं नव्हतं. पण झेनॉनने बंध केला होता यात शंका नाही.)

त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत (नावाचा या वायूशी संबंध नाही) एक भाग झेनॉन आणि पाच भाग फ्लोरिन निकेलच्या भांड्यात ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवून थंड केले, आणि झेनॉन टेट्राफ्लोराइडचे रंगहीन स्फटिक मिळाले. तू ज्याचे बारा इलेक्ट्रॉन मोजलेस, तेच.

अकरावी_विज्ञान

ताई, खूप खूप आभार. क्लोराइड-आरगॉन-पोटॅशियमचं उदाहरण वाचून उठून बसलो. पण झेनॉन इतका सैल असेल तर त्याने क्लोरिन, ऑक्सिजन, सगळ्यांशीच संयुगं करायला हवीत ना? फ्लोरिनच का लागतो? आणि आयनन ऊर्जेचंच बघायचं तर नायट्रोजन वायूही निष्क्रिय असतो, तोही याच कारणाने का?

रसायन_ताई

पुन्हा हिशेबच कर, आता बंधांचा.

झेनॉन आणि फ्लोरिनमधला एक बंध सरासरी १३३ किलोज्यूलचा. कार्बन आणि हायड्रोजनमधला बंध ४१० च्या पुढे असतो, त्या मानाने हा दुबळाच. पण डायफ्लोराइड बनवायला फोडावा लागतो तो फक्त फ्लोरिनचा रेणू, आणि फ्लोरिन-फ्लोरिन बंध त्याहून फार भक्कम नाही: १५८. दोन बंधांचे २६६ मिळाले, १५८ गेले, १०८ शिल्लक. संयुग टिकतं.

क्रिप्टॉनचा बंध जेमतेम ४९. दोन मिळून ९८, खर्च १५८. साठ किलोज्यूलची तूट. तरीही क्रिप्टॉन डायफ्लोराइड बनवता येतं, पण बाहेरून ऊर्जा घालून, खूप थंड ठेवून, आणि खोलीच्या तापमानाला ते आपोआप विघटित होत राहतं. झेनॉन आणि क्रिप्टॉनमधली सीमा कुठून जाते ते या दोन वजाबाक्यांत दिसतं. ताऱ्याच्या खुणेने वहीत लिहून ठेव.

क्लोरिनचा रेणू फोडायला २४२ लागतात आणि झेनॉन-क्लोरिन बंध फ्लोरिनपेक्षाही दुबळा. जमत नाही. ऑक्सिजनचा रेणू तर ४९८ मागतो. मग झेनॉन ट्रायऑक्साइड कुठून आलं? ते थेट झेनॉन आणि ऑक्सिजनपासून बनतच नाही. झेनॉनचे फ्लोराइड पाण्याने फोडून, मागच्या दाराने बनवतात. बनताना त्याच्यात दर मोलला सुमारे ४०० किलोज्यूल कोंडलेले राहतात, म्हणून त्याच्या कोरड्या स्फटिकांना जरा धक्का लागला तरी स्फोट होतो. हिशेब तुटीत असलेलं संयुग कसं वागतं याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

नायट्रोजनचं कारण पूर्ण वेगळं, आणि ही गल्लत पुष्कळांची होते. नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध ९४५ चा. तो फोडायलाच कोणी तयार नसतं. पण एकदा फुटला की सुटे नायट्रोजन अणू अतिशय क्रियाशील, त्यांना संयुगं हवीच असतात. अमोनिया बनताना ऊर्जा सुटते, अडचण फक्त सुरुवातीच्या चढाची आहे. आरगॉनकडे फोडायला बंधच नाही, तो सुटा अणूच आहे. त्याच्यापुढे चढ नाही, त्याच्यापुढे पलीकडे उतारच नाही. म्हणून टिगवाल्या दादांचं टायटॅनियम नायट्रोजन खातं आणि आरगॉनला शिवत नाही. लिथियम तर खोलीच्या तापमानालाही नायट्रोजन घेतं.

लेसर_विभाग

यात माझीही थोडी भर. मी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या एक्सायमर लेसरची देखभाल करतो. आमच्या यंत्रात आरगॉन फ्लोरिनशी बंध करतो, आणि सेकंदाला शेकडो वेळा करतो!

लेसरच्या कक्षात आरगॉन, फ्लोरिन आणि बहुतांश भाग निऑन किंवा हेलियम असं मिश्रण असतं. हे तिघं शेजारी शेजारी कितीही काळ राहिले तरी आरगॉन फ्लोरिनकडे बघत नाही. मग उच्च व्होल्टेजचा विद्युत विसर्ग सोडतो. त्याने आरगॉनच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन वरच्या, चौथ्या कवचात चढतो. ताईंनी जो सुमारे १११० चा खर्च लिहिलाय तो वीज भरते. आता त्या अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन किती घट्ट धरलेला राहिला? १५२१ मधून १११० वजा करा: ४१० च्या आसपास. पोटॅशियमची आयनन ऊर्जा ४१९. म्हणजे तो उत्तेजित आरगॉन अक्षरशः पोटॅशियमसारखा वागतो, आणि पोटॅशियम फ्लोरिनशी जसा बंध करतो तसाच आयनिक स्वरूपाचा बंध करतो.

पण हे लग्न काही नॅनोसेकंदांचं. तो रेणू आपली जास्तीची ऊर्जा १९३ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात टाकून खाली येतो, आणि खाली आल्या आल्या आरगॉन पुन्हा आरगॉन होतो. तळाच्या स्थितीत दोघांना बांधून ठेवणारं काही नसल्यामुळे रेणू लगेच फुटतो. लेसर चालतो तो यामुळेच: खालच्या स्थितीत रेणू साचतच नाहीत, म्हणून वरच्यांची संख्या नेहमी जास्त राहते. हाच खेळ क्रिप्टॉन-फ्लोरिनचा केला तर २४८ नॅनोमीटर, झेनॉन-क्लोरिनचा केला तर ३०८.

आणि एक. काही काळाने गॅस बदलावा लागतो, कारण फ्लोरिन कक्षाच्या भिंतींशी, अशुद्धींशी अभिक्रिया करून हळूहळू कमी होतो. आरगॉन आणि निऑन मात्र जसेच्या तसे.

रसायन_ताई

वा! ‘अष्टक पूर्ण’ या वाक्याची याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. केंद्रक तेच, इलेक्ट्रॉन तेच अठरा. एक फक्त वर चढवला आणि आरगॉन संयुग करायला लागला. खर्च आधीच कोणीतरी भरला होता.

अकरावी_विज्ञान

हे सगळं उतरवून घेतोय. शेवटचं एकच: मग हेलियम आणि निऑनची संयुगं खरंच नाहीत का? आणि रेडॉनची आयनन ऊर्जा तर झेनॉनपेक्षाही कमी, मग पुस्तकात त्याच्याबद्दल इतकं कमी का?

रसायन_ताई

आरगॉनपासून वर जाते.

आरगॉनचं एक उदासीन संयुग हेलसिंकीच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. आरगॉन गोठवून त्यात हायड्रोजन फ्लोराइड अडकवलं, वर अतिनील प्रकाश टाकला, आणि हायड्रोजन-आरगॉन-फ्लोरिन असा रेणू मिळाला. केल्विनच्या मापात वीस-पंचवीस अंशांच्या वर गेलं की तो उरत नाही.

हेलियमचा हायड्रोजनबरोबरचा धन आयन १९२५ पासून माहीत आहे, आणि २०१९ मध्ये तो अवकाशात, एनजीसी ७०२७ नावाच्या ग्रहीय तेजोमेघात सापडला. पण तो आयन आहे, बाटलीत भरण्यासारखं संयुग नाही, समोर जे कोणी येईल त्याला प्रोटॉन देऊन टाकतो. शिवाय २०१७ मध्ये सोडियम आणि हेलियमचा एक स्फटिक बनवला गेला, सुमारे ११ लाख वातावरणांइतक्या दाबाखाली. तिथेही हेलियम इलेक्ट्रॉन देत-घेत नाही, सोडियमच्या जाळीतल्या जागा भरून बसतो. निऑनचं खऱ्या बंधाचं उदासीन संयुग अजून कोणाला मिळालेलं नाही. हेलियमची आयनन ऊर्जा जास्त असूनही निऑन त्याच्यापेक्षा हट्टी आहे, कारण निऑनच्या भरलेल्या पी कक्षिका जवळ येणाऱ्याला ढकलतात आणि हेलियमकडे त्या नाहीतच.

रेडॉनबद्दल तुझा तर्क अगदी बरोबर. त्याने झेनॉनपेक्षा सहज संयुगं करायला हवीत, आणि त्याचा फ्लोराइड १९६२ मध्येच बनवला गेला होता. अडचण रसायनाची नाही. रेडॉनचा सगळ्यात जास्त टिकणारा समस्थानिक पावणेचार दिवसांत निम्मा होतो, आणि त्याच्या किरणोत्सारामुळे समोरचं संयुगही मोडत राहतं. डोळ्यांना दिसेल इतका साठा हाताळता येत नाही, म्हणून सगळे प्रयोग अत्यल्प मात्रेवर, किरणोत्सार कुठे गेला ते मोजून करावे लागतात. त्यामुळे पुस्तकात त्याला एक-दोन ओळीच मिळतात.

वहीत सहा आयनन ऊर्जा आणि त्यांच्याशेजारी फ्लोरिन, ऑक्सिजन, हायड्रोजन, क्लोरिनच्या चार अशा दोन रांगा लिही. मग क्रिप्टॉन आणि झेनॉनच्या त्या दोन वजाबाक्या स्वतः करून बघ. झेनॉन टेट्राफ्लोराइडचा हिशेबही कर, एक बंध १३० च्या आसपास धर आणि फ्लोरिनचे दोन रेणू फोडावे लागतील हे विसरू नकोस. उत्तर इथे टाक, मी तपासते.